विसावा दिवस

जानेवारीची तेरा तारीख. आज क्नुटचा दिवस.
आमच्याकडे म्हणतात, क्नुट येतो
आणि नाताळाला घराबाहेर हाकलतो.
हॅमरफेस्टच्या नगरपालिकेत क्नुट म्हणजे मी,
नारिंगी जाकिटातली,
आणि ऑड-आर्नेची उंच पाळण्याची गाडी,
जी आधी खोकते, मग रडते, मग चालू होते.

चौसष्ट तारे. खांबागणिक एक.
मीच टांगले होते नोव्हेंबरात,
सूर्य मावळून दोन दिवस झाले होते तेव्हा.
तो परत यायला अजून आठ दिवस आहेत
आणि आम्ही दिवे उतरवतोय.
हा हिशेब कुणाचा, मी विचारलं एकदा.
ऑड-आर्ने म्हणाला, कार्यालयाचा.

चाप गोठलेले. हातमोजा दातात धरायचा,
चापावर फुंकर घालायची, मग पिळायचा.
जुने पिवळे दिवे आपला बर्फ आपणच वितळवायचे.
हे नवे थंडच राहतात,
त्यांच्यावर बर्फ बसतो तो बसतोच.

पाळण्यातून दुसरा मजला डोळ्यासमोर येतो.
बनियनमधला एक माणूस
कागदी हृदय हातात घेऊन उभा,
कुठल्या खोक्यात जातं ते त्याला माहीत नाही.
ज्याला माहीत होतं ते माणूस तिथे दिसत नाही.
पलीकडे दोन मुली
बाल्कनीतून अख्खं झाड खाली ढकलतायत.
एक, दोन, आणि
बर्फात ते उभंच राहिलं क्षणभर,
जणू तिथेच रुजलेलं.

एक्केचाळिसावा तारा आयलर्टच्या खिडकीसमोर.
तीस वर्षं ट्रॉलरवर स्वयंपाकी होता,
आता गुडघ्यांमुळे खाली उतरत नाही.
मला बघून त्याने काच ठोठावली.
माझं वाक्य तयारच होतं:
नियम आहे, मला एकही ठेवता येत नाही,
वाईट वाटतं, पण.
त्याने खिडकी बोटभर उघडली.
"आलीस एकदाची! काढ तो.
सात आठवडे झोप नाही मला.
तोंडावर कंदील धरून
कुणी झोपतं का?"

मी चाप पिळला. वायर ओढली.
त्याची खोली विझली, आणि माझे हातही.
"थांब आता," तो आतून म्हणाला.
"बघ. धक्क्याच्या पलीकडे."
मला आधी काहीच दिसलं नाही.
मग डोंगराच्या पाठीवर, दक्षिणेला,
निळं. म्हणजे अगदी निळंही नाही,
शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं,
एका काठाला किंचित लालसर.
दुपारचे बारा वाजले होते.
रोजच होतं म्हणे ते, गेला आठवडाभर.
मी रोज इथूनच जाते.

खालून ऑड-आर्नेने हॉर्न वाजवला.
अजून तेवीस.

गोदामात तारे मोजले, चौसष्ट भरले.
पंचावन्नचा एक पाय मोडका,
चिठ्ठीवर लिहिलं, पुढच्या वर्षी बघू.
गेल्या वर्षीची चिठ्ठी त्याखाली होतीच,
माझ्याच अक्षरात.

घरी आमचं झाड अजून उभं.
मुलगा म्हणाला, क्नुट आला ना आज?
म्हटलं, क्नुटचे खांदे दुखतायत, उद्या.
तो झोपल्यावर झाडाची माळ तेवढी बंद केली
आणि कोट न काढताच बसले.
खिशात एक चाप राहिला होता, अजून गार.
अंधारात एक सुई गळल्याचा आवाज झाला.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरी.