पक्का रंग

टायटॅनियमचा पत्रा, पोस्टाच्या तिकिटाएवढा.
डोळ्यांना नुसता करडा, किंचित जांभळट झाक,
तापून तापून तव्याला येते तशी.
सूक्ष्मदर्शकाखाली मात्र नळ्याच नळ्या,
खेटून उभ्या, वर तोंडं उघडी,
एका केसाच्या जाडीत सातशे-आठशे मावतील.
त्या उगवायला मला लागले चार महिने
आणि एक भाजलेलं बोट.

नानांना म्हटलं होतं, येऊन बघा एकदा.
ते आले मे महिन्यात, दोन बस बदलून पाषाणला,
इस्त्रीचा सदरा, नखांच्या कडा अजून निळ्या.
दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली,
नखं काही ऐकत नाहीत.

रास्ता पेठेतलं दुकान. पाटीवर :
साड्या रंगवून मिळतील. रंग पक्का.
संध्याकाळी उरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचलून
ते मागे नागझरीत ओतायचे.
लग्नसराईत नाला राणी रंगाचा,
जूनमध्ये गणवेशाचा बाटलीहिरवा.
मी पुलावरून बघून आईला सांगायचे,
आज कुणाचं काम आलं होतं ते.
आम्हाला ती गंमत वाटायची.

नमुना म्हणून मी त्यांचाच शेवटचा डबा आणला होता,
झाकणाला गंज, आत राणी.
लिटरभर पाण्यात दहा मिलिग्रॅम. चिमूटसुद्धा नाही.
काचेच्या चौकोनी भांड्यात पत्रा सोडला,
दिवा लावला.

"काय होतंय आत?"

उजेड पडला की नळीच्या भिंतीतून
एक इलेक्ट्रॉन उठतो, नाना.
त्याची जागा रिकामी राहते.
आणि ती रिकामी जागा भुकेली असते.
ती पाण्याला ओरबाडते, मग ते ओरबाडलेलं पाणी
समोर येईल त्याचे लचके तोडतं.
फक्त, उठलेला लगेच परत येऊन बसला
तर पहिले पाढे पंचावन्न.
म्हणून वायरीतून जरासा दाब द्यायचा,
त्याला लांब, दुसऱ्या टोकाला धाडायचं.

"पोरीला हॉस्टेलवर धाडतात तसं."

मी वायर नीट बसलीय का बघितलं. बसली होती.

चाळीस मिनिटं. राणी, मग गुलाबी, मग
भांड्याच्या कडेला संशय असावा तेवढाच.
मग पाणी.
शेजारच्या टेबलावरून तहमीनासुद्धा वळून बघत होती,
तिनं हे दीडशे वेळा बघितलंय.

नानांनी खिशातून दोरा काढला. पांढरा, सुती.
कुणाला विचारलं नाही. भांड्यात बुडवला,
पिळला, खिडकीपाशी उजेडात धरला,
जन्मभर धरला तसाच, रंग चढला का बघायला.
"नाही चढला," म्हणाले,
आणि चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

मग मी, का कोण जाणे, आलेख दाखवला.
रंगाची रेघ शून्याला टेकलेली,
कार्बनची रेघ अजून अर्ध्या वाटेत लोळतेय.
रंग मोडला, नाना, पण तुकडे आतच आहेत.
दिसत नाहीत. त्यातले एक-दोन
मूळ रंगापेक्षा वाईट.

"म्हणजे कच्चंच की."
"कच्चंच. अजून तीन तास लागतील."
"मग दिवा का घालवलास?"

पुन्हा लावला. ते स्टुलावर बसले.
चहा तिथे प्यायचा नसतो, म्हणून बाहेर जाऊन पिऊन आले,
पुन्हा बसले. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याकडे
इतका वेळ कुणी बघत नाही.

साडेसहाला मी भांडं उचललं.
"आता हे कुठे ओतणार?"
कोपऱ्यातला पिवळा कॅन दाखवला.
दर शुक्रवारी गाडी येते.
"बेसिनमध्ये नाही?"
"नाही."

नानांनी मान हलवली. दोरा घडी करून
खिशात ठेवला, रुमालाला हात पुसले,
मग रुमाल उलगडून बघत राहिले,
त्याला काही लागलंय का.