नखांतलं काळं

फॉर्मवर खूण तिनेच केली.
शिवणकाम होतं, ससे होते, मधमाश्या,
वक्तृत्व होतं (मला वाटलं तेच घेईल),
तिने निवडलं 'छोटी इंजिनं'
आणि पेन माझ्यापुढे सरकवलं: बाबा, सही.

मार्शलटाउनच्या बाहेर, गेल्या साली कापलेल्या मक्याच्या
खुंटांपलीकडे डेल हचिन्सचं शेड. दर गुरुवारी साडेसहा.
दारावर चार पानांचं हिरवं चिन्ह, ऊन खाऊन विटलेलं.
आत सात पोरं, एक हीटर,
आणि प्रत्येकापुढे गवत कापायचं एकेक बंद पडलेलं यंत्र.
चालू असलेलं आणू नका, डेल म्हणाला,
त्यातून काही शिकता येत नाही.
मैथिली हे नाव त्याला पहिल्या दिवशी जमलं नाही.
दुसऱ्या गुरुवारी जमलं.
मला विचारलं, तुम्हाला इंजिनातलं काही कळतं?
नाही, म्हटलं. मी विम्यात आहे.

हे खोटं मी एकोणीस वर्षं बोलतोय.
आता ते आपोआप येतं, घरच्या पत्त्यासारखं.

कराडला, एसटी स्टँडच्या मागे, आमचं गॅरेज होतं.
गॅरेज म्हणजे वर पत्रा आणि खाली अण्णा.
प्लगचा गॅप ते तुटक्या हॅक्सॉ ब्लेडने बघायचे,
एक डोळा मिटून, सोनारासारखे.
आठव्या वर्षी मी कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ करायचो,
ओठांना पेट्रोलची चव,
आणि दिसलो की अण्णा खेकसायचे:
हात धू आधी. वही काढ.
तुला काय माझ्यासारखं व्हायचंय?
मी वही काढली.
इतकी काढली की आयोवापर्यंत आलो.

एप्रिलभर मैथिली एकेक स्क्रू काढून
अंड्यांच्या पुठ्ठ्यात ठेवत राहिली, खणाखणावर चिठ्ठी.
मे महिन्यात सगळं जोडलं. एक वॉशर उरला.
पुन्हा सगळं खोललं.
जेवताना 'टॉर्क' हा शब्द ती असा उच्चारायची
जशी तिची आई 'फोडणी' म्हणते.

जूनचा शेवटचा गुरुवार. बाहेर मका कमरेला आलेला.
तिने दोरी ओढली. काही नाही.
पुन्हा. एक उचकी. काही नाही.
अकरा वेळा. मी मोजत होतो.
आणि मला वास आला.
पेट्रोल जास्त झालंय, प्लग भिजलाय, चोक सोड गं,
सगळं जिभेवर तयार, अण्णांच्या आवाजात.
मी हात खिशात घातले.
आत किल्ल्या होत्या, त्या आवळून धरल्या.
डेलही गप्प. कॉफी पीत होता,
पण त्याचा कप मघापासून रिकामा होता.

ती खाली बसली. प्लग काढला, नाकाशी नेला.
कपाळावर ती उभी आठी, आमच्या घराण्यातली.
पुसला. फुंकला. चोक मागे घेतला.
बाराव्या झटक्याला यंत्र असं खवळून उठलं
की पोरांनी कान झाकले
आणि शेडभर निळा, जळक्या ऑइलचा धूर.
तुम्हाला माहीत होतं ना, डेलने विचारलं.
मी म्हटलं, तुम्हालाही.

जुलैच्या जत्रेत तिला लाल फीत मिळाली, निळी नाही.
परीक्षकाने लिहिलं, वायर नीट बांधलेली नाही.
खरंच नव्हती.
नोंदवहीत शेवटचा प्रश्न होता: मदत कोणी केली?
तिने लिहिलं होतं: डेलने.
बाबा उभा होता.

त्या रात्री सिंकपाशी मी तिच्या तळहातावर
साखर ओतली, वर चमचाभर गोडंतेल. चोळ, म्हटलं.
हे तुला कुणी शिकवलं, बाबा?
मी सांगायला लागलो. नळ तसाच वाहत राहिला.
नखांच्या कडेचं काळं काही निघेना.
राहू दे, म्हटलं.