शिवण

तापानंतर बाबांचं नाक गेलं.
ताप पाच दिवसांचा. नाक अजून आलेलं नाही.
पहिल्यांदा कळलं ते बांगड्याच्या हुमणावर,
"तिरफळं घालायला विसरलीस?"
आई काही बोलली नाही. तिरफळं ताटातच होती.

पंचवाडीत लाकूड घेऊन येणाऱ्याला ठाऊक,
शाबलो मेस्त पावती बघत नाही,
नखाने ओरखडतो, नख नाकाशी नेतो
आणि सांगतो: फणस आहे, पण रस्त्याकडेचा,
डिझेल प्यालाय.
हे सागवान चाळीस वर्षं कुणाच्या तरी रांधपाचं दार होतं,
लसणीची फोडणी गाभ्यापर्यंत गेलीय.
लोक हसायचे. मग रंधा फिरला
की वास बाहेर यायचा आणि हसणं आत जायचं.

आता शनिवारी मी मडगावहून येते
तर कपडे बदलायच्या आधी हाक,
"ये गो. हे घे. सांग."
भुशात उकिडवी बसते.
वीज खात्यात मी बिलांच्या तक्रारी लिहून घेते,
माझ्याकडे वासांचे शब्द नाहीत.

"फणस. गोड आहे."
"गोड म्हणजे? गूळ गोड, पेरू गोड, खोटं बोलणंही गोड."
परत हुंगते. पिवळा भुसा नाकात जातो, शिंकते.
"साटं उन्हात घातलीत, आणि खालचं सूप तापलंय."
"हां. सुकलाय म्हणजे. इनासच्या खिडकीला लावू."

मत्तीला फार वेळ लागला.
सुसरीच्या पाठीची साल,
पोटात पाणी धरून उन्हाळा काढणारं झाड.
मी म्हटलं, ओली पाटी.
म्हटलं, शाळेतल्या बाकाखालचा काळोख.
"काळोखाला वास असतो?"
"तुम्हीच विचारताय ना."
तापानंतर तेव्हा पहिल्यांदा हसले.

जांब्याचं विचारलंच नाही.
त्यात खिळा ठोकला की खिळाच वाकतो,
तेवढी ओळख हाताला पुरते.

शिसवाने मात्र घात केला.
शिरोड्याच्या पालखीचा दांडा घडवताना
काकांनी सात वर्षांच्या बाबांच्या ओंजळीत
त्याच्या ढलप्या दिल्या होत्या.
तेव्हापासून सर्वांत लाडकं लाकूड कुठलं म्हणून कुणीही विचारो,
उत्तर एकच.
मी म्हटलं, "वहीत सुकलेला गुलाब."
"नाही."
"तपकीर."
"नाही."
"मग तुम्हीच सांगा."
बाबांनी ढलपी नाकाशी धरली, श्वास घेतला,
घेतलेला श्वास खूप वेळ तसाच ठेवला,
सोडून दिला.
पटाशीला धार लावायला बसले.
धार आधीच होती.

शिवणीला ते आयुष्यभर नावं ठेवत आले.
फिकी. हलकी. मीठ विसरलेली पेज.
कुणी मागितलीच तर
चुलतभावाच्या शेडचा रस्ता दाखवायचे.

चवथीला पंधरा दिवस होते.
आमच्या माटोळीची चौकट वाळवीने खाल्लेली.
मी दारात पोचले तर रंधा चालला होता,
लांब, कुठेही न अडखळता,
पांढुरकी साल वळ्या घेत बाबांच्या पायांवर पडत होती.
नेहमीसारखी बसले, एक वळी उचलली.
"राहू दे. शिवण आहे."
"हुंगू नको?"
"काय हुंगणार? तुलाही काही लागायचं नाही."
तरी नाकाला लावली.
काही नाही.
दोघांनाही सारखंच,
काही नाही.

त्यांनी फळीवरून तळवा फिरवला,
मग माझा हात धरून तोच फिरवला,
"पळय, कशी शांत आहे."

आत आई माटोळीची यादी मोठ्याने वाचत होती,
आंबाडे, तोरंजन, कांगणां,
सुपारीचा कातरा, नारळाची पेंड,
"आणि केळ्यांचा घड, घरभर वास सुटेल असा..."
म्हणाली, आणि थांबली.

रंधा थांबला नाही.