बारा आणि सहा

नाणं बारा आणि सहावर धरायचं.
अंगठा खाली, तर्जनी वर.
चौगुले काकांना तर्जनी नाही,
ती कुपवाडच्या प्रेसमध्ये राहिली,
ते मधल्या बोटाने धरतात.
मग वहीचं पान उलटावं तसं फिरवायचं.
पलीकडचे सिंह सरळ उभे दिसले तर पुढचं नाणं.
नाही दिसले तर काका चष्मा कपाळावर सरकवतात,
नाणं नाकापाशी नेतात
आणि म्हणतात, "थांब जरा."

शनिवार. मार्केट यार्डामागची आमची पतसंस्था.
शटर अर्धं खाली आलं की
पिग्मीच्या पिशव्या माझ्या टेबलावर रिकाम्या होतात.
हमालांचे पैसे, पोती शिवणाऱ्या बायकांचे,
दोन चहाच्या गाड्यांचे.
सगळ्यांना हळद लागलेली.
मोजून होईतो माझी बोटं
कुणाच्या तरी लग्नाला जाऊन आल्यासारखी.
पुराच्या साली मात्र गाळ होता,
तेव्हा बादलीत धुऊन मग मोजली.

काका नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणतात.
आकड्यावरून एक रेघ, सिंहांवरून एक.
"बारा अंश. सोड.
पंधराच्या आत माफ."
बावीस निघाले तर बरणीत.
बरणी बोर्नव्हिटाची, झाकणाला चिकटपट्टी.
जेवढी उचलतील तेवढी चांगली नाणी
खिशातून काढून माझ्या ढिगात ठेवतात.
दोन रुपये गेले, दोन रुपये आले.
कॅशबुकात काहीच घडत नाही.

मला आधी वाटायचं, छंद आहे.
मिरजेचा एक नाणीवाला हुडकत आला होता,
सिंह पार डोक्यावर उभे असलेल्या एकासाठी
नोटा मोजून टेबलावर ठेवल्या त्याने.
काकांनी त्या त्याच्याच पिशवीत घातल्या.
"रिजेक्ट माल गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो ओ.
एकतीस वर्षं डाय सेटर होतो मी."

तेव्हा कळलं,
हा माणूस बाजारातून लॉट परत बोलावतोय.
एकटा. दोन-दोन रुपयांनी.

"खालची डाय फिरली तर वरचीला पत्ता नसतो," ते सांगतात.
"खुंटी सैल होती बघ. पाळी बदलायची वेळ.
एक हात पुसत निघालेला, दुसरा डबा ठेवत आलेला.
तेवढ्यात हजारभर ठोकून पोत्यात."
मग ढिगात बोट फिरवत,
जणू त्या टाकसाळीतल्या माणसाला ओळखतात असं,
"त्याला मेमो मिळाला असंल का गं?"

या शनिवारी काका आले नाहीत.
मिरजेत मोतीबिंदू, उजवा डोळा.
शिपाई गेला. पंख्याचा आवाज तेवढा.
मी उगाच एक-एक उचलत बसले,
बारा आणि सहा, बारा आणि सहा,
साडेतीनशेच्या पुढे कधीतरी
सिंह आडवे.
चक्क कुशीवर झोपल्यासारखे,
आणि सत्यमेव जयते
कडेकडेने वर चढत गेलेलं.
कोनमापक लागलाच नाही.
कॅलेंडरच्या कोपऱ्याला लावून बघितलं, काटकोन.

बरणी काकांच्या घरी.
पर्समध्ये ठेवावं म्हणून चेन उघडली,
तेवढ्यात शटरखालून वाकून
गाडीवरचा सुहास आला, ग्लास न्यायला.
त्याचे दोन रुपये मागचे राहिले होते.

दिलं.

त्याने न बघता खिशात टाकलं,
चार ग्लास चार बोटांत अडकवले,
हळदीच्या पोत्यांमधून गेला निघून.
दोन रुपयांचे दोनच रुपये.

काकांची पट्टी बुधवारी सुटेल.
विचारतील, काही सापडलं का.
रजिस्टरात मी टोटल मारली, सही केली,
आणि हात धुवायला नळावर गेले.
नखातली हळद काही निघत नाही.