दोन ते चार, जन्मनोंदणी खाते

खुदिया परात मांडते एक वाजून दहा मिनिटांनी.
नदीवरचा वारा नेमका तेव्हाच दडी मारतो,
आणि सें-लुई नगरपालिकेतले आम्ही सहा जण
फायलींचं टेबल भिंतीला सरकवून
एकाच परातीभोवती मांडी घालतो.

रोज ठरवतो, आज बेतानं.
पण सहा हातांच्या परातीत एकट्याचा बेत चालत नाही.
खुदिया मासा बोटांनी तोडते, काटा बघते,
आणि थिओफचा जाड तुकडा
न बोलता माझ्या हद्दीत टाकते.
मग गाजर. मग कसाव्याचा गोळा. मग चिंचेचा आंबटपणा,
ज्यानं गेलेली भूक माघारी येते.
शेवटी बुडाची खरपूड, तेल पिऊन लाल झालेली.
तिला नको म्हणणारा माणूस
अजून आमच्या वहीत जन्मलेला नाही.

दोनला अन्न अंगावर येतं.

उपाय केले, नाही असं नाही.
चमचा लहान घेतला: भात तेवढाच गेला, फक्त उशिरा.
लांब ओवरीत शतपावली घातली,
ऐंशीव्या पावलाला खांबाशी उभ्यानंच पेंग आली.
कोलाचं बी चघळलं, जीभ जागी राहिली.
खुर्चीची पाठ सुताराकडून काढवली,
तर झोप पुढून आली,
आणि त्या संध्याकाळी मी घरी गेलो
कपाळावर उलट्या अक्षरांत 'खरी प्रत' घेऊन.
बायकोनं ते पुसण्याआधी शेजारणीला दाखवलं.

राहता राहिला बिरामचा चहा.
तीन पेले, पहिला कडू जहर,
पण कोळसा फुलायची वाट बघता बघता
पहारेकरी बिरामच डुलतो,
किटली उतू जाऊन विस्तव विझवते,
आणि त्या फिस्स आवाजानं
अख्खं खातं एकदम कामाला लागतं.

मंगळवारी दिएनाबा सो आली.
एकोणीस वर्षांची, परीक्षेच्या अर्जासाठी दाखला हवा.
वही काढली. जुन्या वह्यांत मला दुपार ओळखता येते:
सकाळच्या ओळी ताठ असतात,
जेवणानंतरच्या उजवीकडे उतरत जातात,
जणू पानच नदीकडे कललंय.
तिची ओळ उतरत होती.
जन्मतारीख: एकतीस जून.

मी लगेच म्हणालो, हे वारलेल्या एम्बाय साहेबांचं काम.
ती म्हणाली, तीस जूनला मी आईला विचारते, उद्या का?
आणि एक जुलैला आई म्हणते, झाला की.
हसत सांगितलं तिनं. पाठ झालेलं हसू.

मग मला शाईची शेपटी दिसली,
'जून'पासून ओघळत समासापर्यंत गेलेली.
या खात्यात नोंद करताना झोपणारे दोघेच,
आणि एम्बाय साहेब झोपण्याआधी
पेनाला टोपण लावायचे.

दुरुस्तीला न्यायालयाचा आदेश लागतो, दोन साक्षीदार.
एक मी येतो, म्हणालो.
काय सांगणार आहे तिथे?
की त्या दिवशी भात छान झाला होता?

बुधवारी खुदियाला सगळं सांगितलं.
ती ऐकत होती, मान हलवत होती,
बोटं मात्र मासा तोडत होती,
आणि तुकडा माझ्या हद्दीत पडला,
नेहमीपेक्षा मोठा, कारण मी दुःखी दिसत होतो.
खाल्ला.

सव्वादोनला एक कोळी आला, खवले अजून मनगटावर,
कडेवर मुलगी, चार दिवसांची.
नाव सांगा, म्हणालो. परत सांगा. अजून एकदा.
बहिरा समजून तो ओरडला, पोरगी रडायला लागली,
बिराम दचकून जागा झाला.
थांबा, म्हणालो,
आणि डाव्या हाताची मूठ वळून
उंचवट्यांवर महिने मोजत गेलो,
एप्रिल खळगीत, मे वर,
जून खळगीत.
तीस.