अवशेष पडण्याचे क्षेत्र

पुस्तकांची गाडी मी चालवते, दर दुसऱ्या गुरुवारी.
मिठाच्या तळ्याला वळसा घालून एकशे दहा किलोमीटर,
मग सहा घरं,
मग कझाक स्टेप, म्हणजे काहीच नाही,
मग नऊ घरं.
टपाल नेते, दुरुस्त केलेले चष्मे नेते, कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या,
आणि चारशे पुस्तकं. त्यातली बहुतेक
कधीच न घडलेल्या गोष्टींची.

जिल्हा कचेरीतले साहेब म्हणाले,
या लोकांना काय करायचंय ड्रॅगनशी?
मेंढ्यांच्या रोगांवर काहीतरी न्या.
नेलं.
चार वर्षं झाली, त्या पुस्तकाची पाठ अजून मोडलेली नाही.

परत आलेल्या पुस्तकाच्या मी आधी कडा बघते.
अंगठा कुठे थांबला होता ते चरबीचा डाग सांगतो.
मला वाटायचं, मळ असेल लढाईच्या पानांवर,
तलवार निघते तिथे, यान पेटतं तिथे.
ती पानं तर कोरी. लोक ती वाऱ्यासारखी उलटतात.
मळलेलं असतं ते पान
जिथे परक्या ग्रहावर उतरलेली माणसं पहिल्यांदा चहा ठेवतात
आणि पाण्याला उकळी फुटता फुटत नाही.
किंवा ते, जिथे एक मुलगी ओल्या फडक्याने
आजारी ड्रॅगनच्या पापण्या पुसते.
नुरझामालकडून ते पुस्तक आलं तेव्हा त्या पानात
घोड्याच्या शेपटीचा एक केस होता, खुणेला.
तिची घोडी त्याच आठवड्यात गेलेली.
केस मी तिथेच राहू दिला.

आणि नकाशा.
पहिल्याच पानावरचा, कुठल्याशा आटपाट नगराचा,
घडीवर दरवेळी फाटलेला.
चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावून आता डोंगर थोडे वर आलेत,
नदी बोटाला लागते.
खऱ्या नकाशात आम्ही कुठे आहोत तेही मी पाहिलंय,
कचेरीच्या भिंतीवर:
तुटक रेषेचं एक लंबवर्तुळ, आत लिहिलंय
अवशेष पडण्याचे क्षेत्र.
सहा घरं नाहीत. नऊ घरं नाहीत. विहीरसुद्धा नाही.

हो, रॉकेटं जातात आमच्यावरून.
आदल्या दिवशी फोन येतो, जनावरं आत घ्या, बाहेर थांबू नका.
सगळे बाहेर थांबतात.
वर जायचं ते वर जातं, कुणाचं असेल त्याचं.
आमच्या वाट्याला त्याची गळालेली टरफलं.
तोक्तासीनने एकाचं गोठ्याला छप्पर केलंय.
गारा पडल्या की ते ढोलासारखं वाजतं,
आणि खाली कोकरं झोपलेली असतात, त्यांना काय त्याचं.

तोक्तासीन एकाहत्तरचा. यानांखेरीज दुसरं काही वाचत नाही.
एकदा विचारलं, बाबा, सगळं तर तुमच्या छपरावरच आहे,
मग पुस्तकात कशाला शोधता?
वाळल्या दह्याची गोळी तो बराच वेळ
या गालातून त्या गालात फिरवत राहिला.
मग म्हणाला, पुस्तकातलं यान उतरतं.
उतरलं की त्याला दार असतं.
आमच्याकडे जे पडतं, त्याला दार नसतं गं.

त्याने दोन भाग वाचले. तिसरा आमच्याकडे कधी आलाच नाही.
पुढच्या गुरुवारी आणते, असं मी किती गुरुवार म्हटलं
ते मोजणं सोडलंय.
हल्ली तो पुस्तक मागत नाही. मला खाली उतरवतो,
खारा चहा देतो, आणि विचारतो, पुढे?
म्हणून येताना एकशे दहा किलोमीटर
मी तिसरा भाग रचत येते. गिअर बदलताना माणसं मरतात,
खड्ड्यात एखादं जिवंत होतं.

परवा सांगितलं, यान शेवटी उतरलं
एका मिठाच्या तळ्याकाठी. समोर नऊ घरं.
दार उघडलं.

नऊ नाही, तोक्तासीन म्हणाला. सहा.
नऊवाल्यांची विहीर खारट आहे,
तिथे कोण कशाला उतरेल?