ओला माल

घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं नाला मिळतो,
केवळाबाई पहाटेच कमरेइतक्या पाण्यात उतरते.
नांदेडात नदीला गोदावरी पाटीवर म्हणतात.
तोंडात गंगाच.

मी मुनीरभाईच्या काट्यावर वही लिहितो.
बारावी नापास, अक्षर बरं, म्हणून.
तिचा माल ओला. ओल्या मालाला कट :
सहा किलोला एक किलो पाण्याचा.
'पानी का पैसा कौन देता, अम्मा?'
'पाणी गंगेचं, कट माझा. लिही बाबा.'

तिला प्लास्टिकची नावं ठाऊक नाहीत, आवाज ठाऊक आहेत.
चुरचुरली की बाटली.
टणकन बोललं की झाकण, भारी माल.
पिशवी बोलतच नाही,
गाळात बसते मुकी,
ओढली की तळ घेऊन वर येते.
निर्माल्याच्या पिशव्यांची गाठ ती दातानं सोडते :
झेंडू पाण्याला,
पिशवी गोणीला.

परवा एक साहेब आला, गळ्यात ओळखपत्र.
म्हणाला, समुद्रात जाण्याआधी वेचलेल्या मालाला
किलोमागं सहा रुपये जास्त.
परदेशात त्याचे बूट होतात,
बुटांवर लाटेचं चित्र.
केवळाबाईला बूट ऐकू आले नाहीत.
बारा किलो आले, दोन कटले, दहा राहिले :
तिच्या ओठांवर साठ हललेले मी पाहिले.
साठात नातीचा एसटीचा पास जवळ येतो.

मग साहेबानं फोनवर नियम वाचला.
किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आतलाच माल.
'तुमचं नांदेड...' तो कसनुसा हसला.

ती गोणीवर बसूनच होती.
'ही गंगा कुठं जाती मग?'
'समुद्रातच, मावशी.'
'अन् बाटली मधीच उतरती का,
धर्माबादला?'

त्याचा चहा अर्धा राहिला.
गाडी गेल्यावर तिनं कप झटकला,
गोणीत टाकला.

रात्री भावाच्या नकाशाच्या पुस्तकात
मी निळ्या रेषेवर सुतळी ठेवत गेलो.
वळणं फार. सुतळी संपली
तेव्हा समुद्र अजून एक वीत लांब होता,
आणि रेष कुठंच तुटत नव्हती.
वहीत मात्र मी फक्त आलेलं लिहितो.
सुटलेल्याला रकाना नाही.

आज सकाळी घाटावर गेलो.
एक निळ्या झाकणाची बाटली
तिच्या हाताला लागता लागता धारेत शिरली,
पुलाकडं निघाली, मान वर करून.
केवळाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
'जा बाई जा.
समुद्रापाशी गेलीस
की सहा रुपयांनी महाग होशील.'

असं म्हणाली,
आणि पदर दातात धरून
गळ्याइतक्या पाण्यात शिरली.